ग्रीक-रोमन मल्लविद्येचा महापुरुष : जॉर्ज हॅकेनश्मिट

मारुतीच्या देवळाला लागून तालीम असावी, ही आपल्याकडील जुनी रीत होय. बेळगावापासून बडोद्यापर्यंत आणि कोल्हापुरापासून इंदूरपर्यंत जेथे जेथे मराठी वस्ती झाली, तेथे तेथे शेंदरी मूर्तीसमोर डोके टेकवून, हौद्यातील माती कपाळाला लावून मग लांग कसणारे मल्ल निपजले. या रीतीमागे एक विचार आहे. बळ हे मनुष्याच्या स्वतःच्या मालकीचे नसून ते देवाघरची ठेव आहे, आणि ठेव ज्याची त्याला कधी तरी हिशेबासह परत करावयाची असते. आपल्या मल्लांची चरित्रे आम्ही या दृष्टीने वाचतो. परंतु जेथे मारुतीचे देऊळ नाही आणि तांबडी माती नाही, अशा दूरदेशीच्या एका मल्लापुढेही हाच प्रश्न उभा ठाकला होता, हे वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. त्या मल्लाचे नाव जॉर्ज हॅकेनश्मिट. युरोपात तो ‘रशियन सिंह’ म्हणून ओळखला जाई.

प्रथम त्याच्या कुस्तीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ज्या पद्धतीस ग्रीक-रोमन म्हणतात, ती नावावरून वाटते तितकी प्राचीन नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तिला आकार आला आणि नेपोलियनच्या सैन्यातून परतलेल्या एक्सब्राया नावाच्या शिपायास तिचे जनकत्व देतात. पुराणवैभवाचे नाव तिला मागाहून चिकटले. या कुस्तीत कमरेखाली हात घालावयाचा नाही आणि पायांनी डाव करावयाचा नाही. म्हणजे आपल्याकडील एकेरी पट नाही, दुहेरी पट नाही आणि टांगही नाही. जे काही करावयाचे ते मान, खांदे, दंड आणि कंबर यांच्या जोरावर. प्रतिपक्ष्यास कवेत घ्यावे, जमिनीपासून उचलावे आणि पाठीवर टाकावे, हा तिचा गाभा. चपळाईला तेथे वाव आहे, पण पाठीचा कणा पोलादी नसेल तर नुसत्या चपळाईचा उपयोग नाही.

हॅकेनश्मिटचा जन्म 1877 साली डोरपाट या गावी झाला. त्या वेळी ते रशियन साम्राज्यात मोडत असे. आज तेच गाव एस्टोनियातील टार्टू होय. बाप रंगारी होता. घराणे मल्लांचे नव्हते, आणि पुढे पोराने नाव काढले ते कोणत्याही वारशावाचून. शाळेत धावणे, उड्या मारणे, वजन उचलणे यांत तो पुढे असे. शाळा संपल्यावर यंत्रकाम शिकण्यासाठी तो रेव्हाल येथील, म्हणजे आजच्या टालिनमधील, एका कारखान्यात उमेदवार म्हणून राहिला आणि फावल्या वेळी तेथील व्यायाममंडळात जाऊ लागला. 1896 साली जॉर्ज लुरिक नावाचा नामांकित मल्ल त्या शहरी आला. त्याने या तरुणास हरविले. पराभवाने काही माणसे खचतात आणि काहींस वाट सापडते. हॅकेनश्मिट दुसऱ्या जातीचा होता.

पुढे एका दुखापतीच्या निमित्ताने त्याची गाठ डॉक्टर क्रायेव्हस्की यांच्याशी पडली. रशियातील मल्लविद्येचे व व्यायामाचे पितामह म्हणून या वृद्ध वैद्याचा लौकिक होता. सेंट पीटर्सबर्ग येथील त्यांच्या राहत्या घरीच व्यायामशाळा होती आणि देशोदेशीचे बलवान पुरुष तेथे येऊन जात. आपण ज्यास वस्ताद म्हणतो, तसेच ते होते. 1898 च्या आरंभी हॅकेनश्मिट त्यांच्या घरी राहावयास गेला. मद्य नाही, तंबाखू नाही, दुधाचा भरपूर खुराक आणि नियमित मेहनत, असा त्याचा तेथील क्रम होता. हे वाचताना आम्हास आपल्याच एखाद्या तालमीचे वर्णन वाचल्यासारखे वाटते. शिष्याने वस्तादाचे श्रम व्यर्थ जाऊ दिले नाहीत. पाठीवर पडून 361 पौंडांचे वजन छातीवरून वर रेटण्याचा त्याचा विक्रम पुष्कळ वर्षे अबाधित राहिला.

त्याच 1898 सालच्या उन्हाळ्यात व्हिएन्ना येथे युरोपचे अजिंक्यपद त्याने ग्रीक-रोमन कुस्तीत मिळविले. तोवर तो हौशी मल्ल होता. पुढे त्याने कुस्ती हाच व्यवसाय केला. त्या काळी युरोपातील मोठ्या शहरांतून कुस्त्यांच्या स्पर्धा कित्येक दिवस चालत आणि रोज संध्याकाळी नवा प्रतिस्पर्धी समोर येई. 1899 मध्ये पॅरिस येथे खांदा दुखावल्यामुळे त्यास स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली. परंतु पुढील दोन वर्षांत रशियात, व्हिएन्नात आणि खुद्द पॅरिसमध्ये त्याने एकामागून एक स्पर्धा जिंकल्या. 1901 साली क्रायेव्हस्की निवर्तले. वस्तादाचे छत्र हरपले त्या सुमारास शिष्य युरोपच्या शिखरावर पोहोचला होता.

1902 साली तो इंग्लंडात आला आणि येथून त्याच्या चरित्रास वेगळेच वळण लागले. लंडनच्या करमणुकीच्या नाट्यगृहांतून त्या वेळी कुस्तीचे खेळ होत. सी. बी. कॉक्रन नावाचा हुशार नाट्यव्यवस्थापक त्याचा चालक झाला. अडचण अशी की, हॅकेनश्मिट समोरच्यास क्षणार्धात चीतपट करी. प्रेक्षक पैसे मोजून येत, आणि आसनावर नीट बसतात न बसतात तोच खेळ संपे. तेव्हा कुस्ती थोडी लांबवावी, रंग भरावा, असे कॉक्रन याने त्यास समजाविले, आणि सिंहाने ते मानले. धन आले, कीर्ती आली. त्याचे पिळदार शरीर पाहण्यास लोकांची झुंबड उडू लागली. पण ज्याने पूर्ण जोर लावून निकाल करावयाचा, त्यानेच जोर राखून नाटक करावयाचे, ही गोष्ट मल्लधर्मास कितपत साजते? आम्ही त्यास सर्वस्वी दोष देत नाही. उदरनिर्वाह सर्वांसच आहे. तथापि जोर राखण्याची सवय एकदा जडली म्हणजे ती शरीराबरोबर मनालाही जडते, हे आपल्याकडील कोणताही जुना वस्ताद सांगेल.

अर्थात् खरी कसोटीची वेळ आली की सिंह अद्यापि सिंहच होता. 30 जानेवारी 1904 रोजी लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात अहमद मद्राली या धिप्पाड तुर्की मल्लाशी त्याची ग्रीक-रोमन कुस्ती ठरली. त्या रात्री सभागृहाच्या वाटेवर गाड्यांची एवढी गर्दी लोटली की रस्तेच्या रस्ते तुंबले. हॅकेनश्मिटने मद्रालीस कवेत घेतले, उचलले आणि खाली टाकले. तुर्काचा हात निखळला व कुस्ती एका मिनिटाच्या आत संपली. त्याच वर्षी 2 जुलै रोजी अमेरिकेच्या टॉम जेंकिन्स यास त्याने रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये ग्रीक-रोमन पद्धतीने हरविले. पुढे 4 मे 1905 रोजी न्यूयॉर्क येथे जेंकिन्सच्या घरी जाऊन त्याच्याच पद्धतीने, म्हणजे पायांचे डाव मोकळे असणाऱ्या ‘कॅच-अ‍ॅज-कॅच-कॅन’ कुस्तीत, त्यास दोनदा चीत केले. जगज्जेता ही पदवी आता निर्विवाद झाली.

परंतु नियम बदलले म्हणजे रणही बदलते. ग्रीक-रोमन कुस्तीत वाढलेल्या मल्लाने आपले पाय सांभाळण्याचा अभ्यास कधी केलेला नसतो. त्या पद्धतीत त्याची गरजच पडत नाही. 3 एप्रिल 1908 रोजी शिकागो येथे आयोवा प्रांतातील फ्रँक गॉच हा मल्ल त्याच्यासमोर उभा राहिला. गॉच अंगठा पिरगळून पाय जायबंदी करण्याच्या डावात वाकबगार होता आणि त्याने मेहनतीत कसूर केली नव्हती. हॅकेनश्मिटची तयारी मात्र त्याच्या तोडीची नव्हती. सुमारे दोन तास दोघे बहुतेक उभेच झुंजले. अखेर रशियन सिंहाचा दम आटला आणि त्याने हार पत्करली. दुसऱ्या पकडीस तो उतरलाच नाही. लगोलग त्याने गॉचचे मोठेपण मान्य केले होते. मागाहून मात्र प्रतिस्पर्ध्याने अंगास तेल चोपडले होते आणि नखे व अंगठे वापरून धसमुसळेपणा केला, अशी तक्रार त्याने मांडली. तक्रारीत तथ्य असेलही. पण दोन तास उभे राहण्यास जो दम लागतो, तो तेलाने हिरावला जात नाही.

4 सप्टेंबर 1911 रोजी त्याच शहरी दोघांची पुन्हा गाठ पडली. मैदानात सुमारे 30,000 प्रेक्षक लोटले होते. सरावात हॅकेनश्मिटचा गुडघा दुखावला होता आणि ती गोष्ट तो जाणून होता. तरीही तो उतरला. दोन्ही पकडी मिळून वीस मिनिटांच्या आत निकाल लागला. त्यानंतर त्याची मल्ल म्हणून कारकीर्द संपल्यासारखीच झाली. वय अवघे चौतीस.

याच काळात आपल्या देशाचा एक मल्ल लंडनला गेला होता, हे येथे सांगितले पाहिजे. 1910 साली गामाने तेथे अमेरिकेच्या डॉक्टर रोलर यास हरविले आणि 10 सप्टेंबर रोजी स्टॅनिस्लॉस झिबिस्को या ग्रीक-रोमन कुस्तीत मुरलेल्या पोलिश मल्लाशी तो झुंजला. झिबिस्को सुमारे अडीच तास पोटावर पालथा चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढे 1928 साली पतियाळा येथे त्याच झिबिस्कोस गामाने एका मिनिटाच्या आत चीत केले. गामा व हॅकेनश्मिट मात्र कधीच समोरासमोर आले नाहीत. आणखी एक योग असा की, ज्या 1902 साली हॅकेनश्मिट इंग्लंडात आला, त्याच साली आपले राजर्षी शाहू महाराज राज्यारोहणसमारंभासाठी तेथे गेले होते. त्या प्रवासात रोमचे भव्य क्रीडांगण त्यांनी पाहिले आणि त्यातून पुढे कोल्हापूरचे खासबाग मैदान उभे राहिले. परक्यांचे नियम आपलेसे करून जिंकता येते, हेही याच भागातील एका मल्लाने दाखविले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीवर वाढलेल्या त्यांना गादी नवी होती. चार वर्षांनी हेलसिंकी येथे त्याच गादीवर त्यांनी कांस्यपदक मिळविले. पराभवानंतर काय करावे, याचे हे एक उत्तर.

हॅकेनश्मिटने निराळे उत्तर दिले, आणि त्याचेच आम्हास विशेष अगत्य वाटते. उतरत्या काळात पुष्कळ मल्ल जुन्या कीर्तीवर जगतात, किंवा खेळ दाखवून पोट भरतात. याने लेखणी हाती घेतली. 1908 सालीच त्याने व्यायाम व आहार यांवर एक पुस्तक लिहिले होते आणि ते दीर्घकाळ वाचले गेले. त्यात त्याने म्हटले आहे की, स्रष्ट्याने प्रत्येक जिवास त्याच्या योग्य असे अन्न दिले आहे, आणि युरोपीयांच्या ताटात तीन हिस्से शाकाहार असावा. मांसाहारी देशातील मल्लाने हे लिहिले, हे लक्षात ठेवावे. पायांच्या मागे वजन धरून मारावयाची जी बैठक आजच्या व्यायामशाळांतून ‘हॅक स्क्वॉट’ म्हणून चालते, तीही त्याच्याच नावाशी जोडतात. पुढे त्याचे मन शरीराकडून मनाकडे वळले. 1935 साली मनुष्याचे मन, आत्मा आणि विश्वातील शक्ती यांच्या संबंधांवर त्याचा ग्रंथ निघाला. नंतर स्मृती, जाणीव व शील या विषयांवरही त्याने लिहिले. तो वेदान्ती होता असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो, कारण त्याची वाट त्याची स्वतःची होती. परंतु ज्याने जगातील सर्वांत बलवान शरीर कमावले, त्यास शरीर हे अखेरचे उत्तर वाटले नाही, एवढे निश्चित.

त्याच्या दोन देशबांधवांचा शेवट पाहिला म्हणजे या दीर्घायुष्याचे मोल कळते. रेव्हाल येथे त्यास हरविणारा लुरिक आणि त्या दोघांनंतर पुढे आलेला अलेक्झांडर आबेर्ग हे दोघेही थोर ग्रीक-रोमन मल्ल. रशियन यादवीच्या धुमश्चक्रीत अर्माविर या गावी अडकून 1920 च्या आरंभी, महिनाभराच्या आत, दोघेही आजारास बळी पडले आणि एकाच थडग्यात निजले. ज्यांची पाठ मातीला लावणे भल्याभल्यांस जड जाई, त्यांना आजाराने चीत केले. हॅकेनश्मिट लंडनमध्ये राहून नव्वद वर्षे जगला. जन्माने रशियन प्रजाजन, 1939 साली फ्रेंच नागरिक आणि 1950 साली ब्रिटिश नागरिक, असे तीन राज्यांचे पाणी प्यालेला हा पुरुष 19 फेब्रुवारी 1968 रोजी निवर्तला.

त्याच्या विजयांची यादी मोठी आहे, पण ती आज कोणास पाठ नाही. आमच्या मते त्याच्या चरित्राचे सार असे की, नाट्यगृहात जोर राखून वापरला तेव्हा त्याच्या बळास उतार लागला, आणि पराभवानंतर त्याने स्वतःशीच पूर्ण जोर लावून झुंज घेतली तेव्हा त्याचे उत्तरायुष्य उजळले. मारुतीरायाचे बळ रामकार्यासाठी होते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आपले बळ कोणत्या कार्यासाठी, हा प्रश्न प्रत्येक मल्लाने आणि मल्ल नसलेल्यानेही, देवळाची पायरी चढताना स्वतःस विचारावा. उत्तर शोधण्यास हॅकेनश्मिटला अर्धशतक लागले. आपल्यास तर ते कपाळास माती लावतानाच सांगितलेले असते. ते ध्यानी ठेवणे तेवढे आपल्या हाती आहे.