वकिलाचा तास आणि बोलणारे यंत्र

वकिली म्हटले की काळा कोट, कोर्टातील युक्तिवाद आणि जाडजूड ग्रंथांनी भरलेली कपाटे आपल्या डोळ्यांसमोर येतात. पण वकिलांची पेढी चालवणे हे युक्तिवादापेक्षा अगदी वेगळे काम आहे. जागेचे भाडे, कारकुनांचे पगार, ज्युनियर वकिलांमधील कामाची वाटणी, तारखांची नोंद, अशिलांकडून घ्यायची फी हे सारे कुणाला तरी पाहावे लागते. कायद्याच्या पदवीत याचे शिक्षण फारसे मिळत नाही. त्यामुळे वकील याबाबतीत नेहमीच कुणाच्या तरी सल्ल्यावर अवलंबून राहिले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हा चॅटबॉट सर्वांसाठी खुला झाला आणि हा सल्ला यंत्राकडे मागण्याची सोय झाली. ज्युनियरला किती काम द्यावे? फी कशी आकारावी? अशील कसे वाढवावेत? काहीही विचारा, क्षणात मुद्देसूद उत्तर मिळते.

हे उत्तर कितपत मानावे? याचा विचार करताना अशा सल्ल्यांचा गेल्या शंभर वर्षांतील इतिहास उपयोगी पडतो. तो बहुतांशी अमेरिकेत घडला आहे.

बोस्टनमधील नोंदी

रेजिनाल्ड हेबर स्मिथ हा तरुण वकील १९१४ पासून बोस्टन शहरातील एका संस्थेचे काम पाहत होता. गरिबांना कायद्याची मदत देणे हे त्या संस्थेचे काम. खटले पुष्कळ आणि पैसा थोडा, अशी स्थिती होती. कोणत्या प्रकारच्या कामाला किती श्रम लागतात हे कळल्याशिवाय असलेला पैसा नीट वापरता येणार नव्हता. म्हणून स्मिथने काटेकोर नोंदी ठेवण्यावर भर दिला. गरिबांना न्याय मिळण्यात कोणत्या अडचणी येतात, यावर त्याने १९१९ साली लिहिलेला ग्रंथ त्या विषयातील पायाभूत ग्रंथ मानला जातो.

त्याच वर्षी तो हेल अँड डॉर या पेढीत व्यवस्थापक भागीदार म्हणून गेला आणि नोंदींची पद्धत तेथे घेऊन गेला. प्रत्येक वकिलाने आपला वेळ कोणत्या कामावर गेला हे रोज लिहून ठेवायचे. आपला हा अनुभव त्याने १९४० साली अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या मासिकात लेखमालेच्या रूपाने मांडला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्मिथच्या पद्धतीत वेळेची नोंद ही मुख्यतः पेढीचा खर्च समजण्यासाठी होती. विणकराला एका लुगड्यामागे किती सूत लागते हे माहीत असावे लागते, तसाच हा प्रकार. अशिलाला तासांचे बिल पाठवणे हा तिचा मूळ हेतू नव्हता. त्या काळी अमेरिकेत फी बहुधा कामानुसार ठरे. अनेक ठिकाणी वकील संघटनांनी किमान फीचे तक्तेच करून ठेवलेले असत.

मोजमाप झाले उद्दिष्ट

१९५८ साली बार असोसिएशनच्या एका समितीने एक पुस्तिका काढली. वकिलांचे उत्पन्न डॉक्टर आणि दंतवैद्य यांच्या मानाने मागे पडले आहे, ही तिची तक्रार होती. वेळेची नोंद ठेवा, म्हणजे उत्पन्न वाढेल, हा तिचा सल्ला होता. वर्षाला फी मिळवून देणारे सुमारे १,३०० तास एका वकिलाकडून होऊ शकतात, असा हिशेबही तिने दिला. वर्षाचे ५० आठवडे धरले, तर हे आठवड्याला २६ तास होतात. उरलेला वेळ वाचन, पत्रव्यवहार आणि कार्यालयीन कामात जाणार, हे त्यात गृहीत होते.

पुढे १९७५ साली तक्त्यांची पद्धत कोसळली. व्हर्जिनिया राज्यातील गोल्डफार्ब दांपत्याला घर घ्यायचे होते आणि त्यासाठी मालकी हक्क तपासून घेणे आवश्यक होते. पहिल्या वकिलाने तक्त्याप्रमाणे फी सांगितली. त्यांनी आणखी ३६ वकिलांना पत्रे लिहिली. १९ जणांची उत्तरे आली आणि एकानेही कमी फी सांगितली नाही! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे तक्ते स्पर्धाविषयक कायद्याचा भंग करतात असा निर्णय दिला. आता फी ठरवण्यासाठी दुसरे माप हवे होते आणि तासाच्या नोंदी हाताशी तयार होत्या. तासाचे दहा भाग करून सहा सहा मिनिटांचा हिशेब लावण्याची रीत रूढ झाली. नंतरच्या दशकांत मोठ्या पेढ्या आपल्या वकिलांकडून वर्षाला १,८०० ते २,००० तासांची अपेक्षा करू लागल्या.

ज्या नोंदीतून काम समजून घ्यायचे होते, तीच कामाचे उद्दिष्ट होऊन बसली. परीक्षेतील गुणांचे काय होते हे पाहणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. स्मिथचा सल्ला त्याच्या कार्यालयापुरता बरोबर होता. तो ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आला होता, तो प्रश्न मात्र वाटेत गळून पडला.

दोन प्रकारची यंत्रे

यंत्राशी संवाद ही कल्पनाही नवी नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. समोरच्याचीच वाक्ये थोडी फिरवून ती प्रश्न विचारी. तिला अर्थ काहीच कळत नव्हता, तरीही लोक तिच्यापाशी मन मोकळे करू लागले. याने स्वतः वायझेनबाउम अस्वस्थ झाले आणि १९७६ साली त्यांनी यंत्रांवरील अशा विश्वासाविरुद्ध एक पुस्तकच लिहिले.

दुसरा प्रकार तज्ज्ञ प्रणालींचा. इंग्लंडमध्ये फिलिप कॅपर आणि रिचर्ड सस्किंड यांनी १९८८ साली अशी एक प्रणाली फ्लॉपीवर उपलब्ध केली. उशिरा लक्षात येणाऱ्या नुकसानीबद्दल दावा किती मुदतीत करता येतो, हा किचकट प्रश्न ती सोडवत असे. कायद्याचे नियम माणसांनी एकेक करून तिच्यात घातले होते. तासांचे काम मिनिटांत होई. उत्तर कोणत्या नियमावरून आले हेही दाखवता येई. मात्र त्या एका विषयापलीकडे तिला काही येत नसे.

आजचा चॅटबॉट या दोहोंपेक्षा कितीतरी समर्थ आहे, पण त्याची रीत निराळी आहे. प्रचंड प्रमाणातील लिखाण वाचून, दिलेल्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे, हे तो शिकलेला असतो. या रीतीने तो बरीच बरोबर उत्तरे देतो. पण खरे वाक्य आणि खऱ्यासारखे दिसणारे वाक्य ही दोन्ही तो एकाच सफाईने लिहितो.

न्यूयॉर्कमधील सहा निवाडे

याचा प्रत्यय २०२३ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात आला. विमानात खाद्यपेये वाढण्याची ढकलगाडी लागून दुखापत झाल्याचा एका प्रवाशाचा दावा होता. त्याच्या वकिलांनी दिलेल्या लेखी निवेदनात सहा निवाडे असे निघाले की जे कधी झालेच नव्हते. ते चॅटबॉटने रचले होते. वकिलाने त्यालाच ‘हे खरे आहेत का?’ असे विचारले होते आणि ‘हो’ असे उत्तर मिळाले होते! न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला.

या प्रकरणाची एक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. त्या पेढीने निवाडे शोधण्यासाठी जी सेवा घेतली होती, तिच्यात संघीय न्यायालयांचे निवाडे पुरेसे पाहता येत नव्हते. म्हणजे चूक केवळ एका वकिलाची नव्हती. कोणती साधने घ्यायची आणि कोणी काय तपासायचे, हा पेढीच्या व्यवस्थेचाच प्रश्न होता. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने दिलेली माहिती पडताळूनच वापरावी, असे न्यायालयाने बजावले.

सल्ला कोणत्या मातीतला?

बनावट निवाडा निदान शोधता तरी येतो. पेढी चालवण्याचा चुकीचा सल्ला ओळखणे अधिक अवघड, कारण तो बहुधा कुठेतरी बरोबरच असतो. अमेरिकेत १९७७ च्या निर्णयानंतर वकिलांना जाहिरात करण्याची मोकळीक मिळाली. दावा जिंकल्यास रकमेतील ठराविक हिस्सा फी म्हणून घेणेही तेथे चालते. त्यामुळे पेढी वाढवण्याविषयीच्या अमेरिकन लिखाणात हे दोन्ही उपाय सर्रास आढळतात. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार मात्र भारतातील वकिलांना ही दोन्ही वर्ज्य आहेत. २००८ पासून संकेतस्थळावर ठराविक माहिती देण्याची तेवढी मुभा आहे. साताऱ्याच्या वकिलाने चॅटबॉटचा सल्ला जसाच्या तसा उचलला, तर धंदा वाढण्याऐवजी सनदच धोक्यात यायची. तासांचेही तसेच. आपल्या जिल्हा न्यायालयात पुकारा होईपर्यंत बाकावर बसून जाणारी सकाळ बोस्टनच्या कोष्टकात कोठे बसवणार?

तरीही यंत्र नाकारण्याचे कारण नाही. पत्राचा मसुदा, नोंदवहीचा आराखडा, विचारायला हवे त्या प्रश्नांची यादी यांसाठी ते चांगले मदतनीस ठरते. अमेरिकन बार असोसिएशनने जुलै २०२४ मध्ये याबद्दल मार्गदर्शन केले. अशिलाची गुप्त माहिती यंत्रात घालण्यापूर्वी विचार करा, उत्तरे तपासा, आणि तासावर फी घेत असाल तर प्रत्यक्ष लागलेल्या वेळेचीच घ्या, असे त्यात सांगितले आहे. तीन तासांचे काम वीस मिनिटांत झाले, तर बिल वीस मिनिटांचे आणि तपासणीच्या वेळेचे. म्हणजे तासावर उभी राहिलेली फीची इमारत यंत्रामुळे हलू लागली आहे. वाचलेला वेळ अशिलाच्या पदरात पडणार की नाही, हे मात्र यंत्र ठरवणार नाही. गरिबाला वकील परवडावा म्हणून स्मिथने नोंदी ठेवायला सुरुवात केली होती. तो प्रश्न अजून तसाच उभा आहे.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. विद्यार्थ्यांनी आठवडाभर आपल्या अभ्यासाच्या वेळेची नोंद दहा दहा मिनिटांच्या भागांत ठेवावी. मग ‘दहावीच्या विद्यार्थ्याने रोज किती अभ्यास करावा?’ असे चॅटबॉटला विचारावे आणि दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. यंत्राचा कागद अधिक नीटनेटका असेल. पण आपला वेळ कोठे जातो, हे मात्र दुसऱ्याच कागदावरून कळेल.