'उषःकाला'तले घर

हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा विषय निघाला की आपण वॉल्टर स्कॉटचे नाव घेतो आणि मोकळे होतो. मीही वर्षानुवर्षे तेच केले. त्यात चूक काही नाही. इंग्रजी शाळेतून आलेल्या त्या पिढीवर स्कॉटचा पगडा होताच. हरिभाऊंची पहिली ऐतिहासिक कादंबरी 'म्हैसूरचा वाघ' तर मेडोज टेलरच्या टिपूवरील कादंबरीच्या आधारे लिहिलेली. पण 'उषःकाल' पुन्हा वाचताना जाणवले, की तिचे सारे मूळ विलायतेत सापडणार नाही.

हरिभाऊंचा जन्म १८६४चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. आई लहानपणीच गेली. ते वाढले एकत्र कुटुंबात, वकिली करणारे काका महादेव चिमणाजी आपटे यांच्या छत्राखाली. संस्कृत पोथ्या जपाव्यात, छापाव्यात म्हणून याच काकांनी पुण्यात १८८८मध्ये आनंदाश्रम स्थापला. १८९४मध्ये काका वारले आणि संस्थेचा कारभार हरिभाऊंकडे आला. 'करमणूक' साप्ताहिक १८९०पासून चालूच होते. एका हाती पूर्वजांच्या पोथ्या, दुसऱ्या हाती दर आठवड्याचा मजकूर!

'उषःकाल' त्यानंतर लगेचचा, १८९५ ते १८९७ या काळातला. राजवाड्यांच्या 'साधनां'चा पहिला खंड १८९८चा. म्हणजे तोवर कादंबरी लिहून झाली होती. हाताशी मुख्यतः ग्रँट डफ आणि बखरी. मग या कादंबरीत जीव कुठून आला? माझ्या मते रंगराव आप्पांच्या घरातून. सुलतानगडचा हा किल्लेदार विजापूरच्या मिठाला जागणारा. मुलगा नानासाहेब शिवाजी महाराजांकडे ओढला जाणारा. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडावा की मनाचा कौल मारावा, हा पेच समजायला दप्तरे लागत नाहीत. तो एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याच्या घराघरांत होता. 'पण लक्षात कोण घेतो?'मध्ये त्याच लेखणीने अशा घराची दुसरी, बायकांची बाजू मांडली होती.

रंगराव आप्पा म्हणजे काका, असे समीकरण मी मांडत नाही. एवढेच म्हणतो, की गडाचा तट स्कॉटकडे पाहून बांधला असेल, आतला वाडा मात्र घरचा आहे. आणि नानासाहेबाला घराबाहेर काढणाऱ्या या लेखकाने स्वतः काकांचा आनंदाश्रम निष्ठेने सांभाळला. मोडणे आणि जपणे, दोन्ही त्याला ठाऊक होते; म्हणूनच कादंबरीतला बापही आपल्याला परका वाटत नाही.