नियोजन समिती (विकास आराखडा)

शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर आलेल्या हरकती-सूचना ऐकून त्यांवर अहवाल देणारी वैधानिक समिती. तिला आधार आहे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 28 चा. जमिनीच्या वापराबाबत सामान्य रहिवाशाला समोर बसून बोलता येते ते मुख्यतः इथेच, म्हणून समितीत कोण बसते याला फार महत्त्व आहे.

नेमणूक दोन वाटांनी होते. तीन सदस्य महापालिकेच्या स्थायी समितीतून येतात. मुंबईत स्थायी समितीवरच्या जागा पक्षांच्या संख्याबळानुसार भरतात, त्यामुळे या तीन नावांतही सभागृहातले बळ उमटते. उरलेले, जास्तीत जास्त चार, नगररचना संचालक नेमतात. त्यांना नगररचना किंवा पर्यावरण यांचे विशेष ज्ञान अथवा प्रत्यक्ष अनुभव हवा, एवढीच अट. वॉर्डांचे, गावठाणांचे किंवा पाड्यांचे प्रतिनिधित्व कायद्याने बंधनकारक नाही. ही उणीव उपनगरांना सर्वांत जास्त बोचते. अंधेरी, घाटकोपर 1950 मध्ये आणि बोरिवली, मुलुंड 1957 मध्ये बृहन्मुंबईत आले, तेव्हा त्यांच्यासोबत जुनी गावठाणे, कोळीवाडे आणि आदिवासी पाडेही आले. उदाहरणार्थ, वेसावे कोळीवाड्यातली मासळी वाळवायची जागा कागदावर मोकळा भूखंड वाटू शकते. तिथे वाळवण कधी पडते आणि होड्या कुठे ओढून ठेवतात, हे कोळणीला विचारल्याशिवाय कळत नाही. असा अनुभव ‘प्रत्यक्ष अनुभव’ या शब्दांत बसायला हवा. नेमणुका करताना मात्र बहुधा पदवी आणि पदच पाहिले जाते.

2034 पर्यंतच्या मुंबई आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये निघाला. त्यातल्या ढोबळ चुका आणि आरे वसाहतीची जमीन विकासाला खुली करण्याचा प्रस्ताव यांवर एवढा गदारोळ झाला की एप्रिलमध्ये सरकारने तो नव्याने करायला लावला. सुधारित मसुदा मे 2016 मध्ये आला. त्यावरच्या हजारो हरकतींची सुनावणी नियोजन समितीपुढे झाली आणि मे 2018 मध्ये सरकारने आराखडा मंजूर केला.

समितीचा अहवाल बंधनकारक नसतो. आराखड्यात बदल महापालिका करते आणि अंतिम मंजुरी, फेरबदलांसह, राज्य सरकार देते. पुण्यात जुन्या हद्दीच्या आराखड्यावर समितीतच दुफळी झाली. पुढे मार्च 2015 मध्ये सरकारने तो आराखडा स्वतःच्या ताब्यात घेतला. तज्ज्ञ आणि नगरसेवक एकाच समितीत बसले म्हणून एकमत होते असे नाही. पण मतभेद कागदावर येतात, आणि रहिवाशाला पुढे न्यायालयात जायचे झाल्यास तो कागद उपयोगी पडतो.

मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला. त्या काळात स्थायी समितीच नव्हती, म्हणजे नियोजन समितीतली लोकनियुक्त बाजू जिथून येते ती जागाच रिकामी होती.