रविवार मिळाला, पण गल्ल्यापुढच्या माणसाचं काय?

मंडळी, आज जरा जुना विषय काढतोय. जुना असला तरी आपल्याच बाजारपेठेतला आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

काम आणि घर यांचा तोल सांभाळा, असा सल्ला हल्ली उठसूट मिळतो. फोन बाजूला ठेवा, नाही म्हणायला शिका, वगैरे. सल्ला वाईट नाही. पण दिवसभर उभं राहून साड्या उलगडून दाखवणारा पोरगा, मेडिकलमधला नोकर, मोबाइलच्या शोरूममधली मुलगी, विम्याचा एजंट, यांचं पोट समोरच्या गिऱ्हाइकावर आहे. त्यांनी नाही म्हणायचं तरी कुणाला?

इतिहास चाळला की एक गोष्ट स्वच्छ दिसते. सुट्टी कुणाला स्वतःच्या शिस्तीने मिळालेली नाही. ती सगळ्यांनी मिळून मागावी लागली. आणि गिऱ्हाइकासमोर उभं राहणाऱ्याला ती फार उशिरा मिळाली.

गिरणी कामगारांची गोष्ट आपल्याला माहीत असते. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि आमच्याच धंद्यातले, 'दीनबंधू'चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. सहा वर्षं रेटा लावल्यावर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

पण हा कायदा कारखान्यांचा होता. दुकानं, पेढ्या, हॉटेलं त्याच्या बाहेर राहिली. गिरणीचा भोंगा वाजला की यंत्र थांबतं. दुकानात भोंगा नसतो, तिथे गिऱ्हाईक येईल तोवर काम. आणि खरी गोम पुढे आहे. एका दुकानदाराला नोकराची दया येऊन त्याने आठ वाजता शटर ओढलं, तर गिऱ्हाईक शेजारी जातं. म्हणून एकट्याचा चांगुलपणा इथे टिकत नाही.

इंग्लंडमध्येही हेच झालं होतं. १८४२ पासून लंडनमध्ये कापड दुकानांतल्या नोकरांसाठी 'लवकर बंद करा' ही चळवळ चालली. त्यांनी मालकांना विनवलं, तसंच गिऱ्हाइकांनाही विनवलं, की बाबांनो, रात्री खरेदीला येऊ नका. स्वखुशीवर फार काही हललं नाही. शेवटी १८८६ मध्ये कायदा आला, तोही अठरा वर्षांखालच्या पोरांपुरता, आणि त्यात मर्यादा होती आठवड्याला ७४ तास! आठवड्यातून अर्धा दिवस सुट्टी मिळायला तिथे १९११ उजाडलं.

आपल्याकडे मुंबई प्रांताने १९३९ मध्ये दुकानं आणि आस्थापनांचा कायदा केला. देशातला हा पहिलाच. म्हणजे लोखंड्यांच्या रविवारानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. मग १९४८ चा सुधारित कायदा आला. दिवसाला नऊ तास काम, सलग पाच तासांनंतर निदान एक तास विश्रांती आणि आठवड्यातून एक दिवस दुकान बंद. दुकानांवरच्या 'सोमवारी बंद' वगैरे पाट्या आपण लहानपणापासून पाहिल्या, त्यांच्यामागे हा कायदा होता. सगळ्यांचीच दुकानं बंद, त्यामुळे कुणाचंच गिऱ्हाईक पळत नव्हतं. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकरांवर आपण विनोद पुष्कळ केले. पण त्या वेळात कुणीतरी घरी जाऊन पोराबाळांबरोबर जेवत होतं, हे कधी लक्षात घेतलं?

२०१७ मध्ये राज्यात नवा कायदा आला. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायला मुभा मिळाली. कामगाराची आठवडी सुट्टी कायम राहिली, पण ती पाळीपाळीने. तासाभराची विश्रांती अर्ध्या तासावर आली. आणि मुख्य म्हणजे हा कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांना लागू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांवर आणि रोजचे तास नवावरून दहावर नेण्याला मंजुरी दिली.

आता आपल्या पेठेतून एक चक्कर मारा आणि मोजा. वीस नोकर असलेली दुकानं किती? हाताच्या बोटांवर. बाकी ठिकाणी दोन, तीन, फार तर पाच. म्हणजे ज्यांना या कायद्याची सगळ्यात जास्त गरज, तेच त्याच्या बाहेर. व्यापाऱ्यांचीही अडचण मी समजू शकतो. ऑनलाइनवाला चोवीस तास उघडा असताना छोट्या दुकानदाराने एकट्याने शटर ओढायचं कसं?

म्हणूनच हा प्रश्न एकट्याने सुटणारा नाही. व्यापारी संघटनेने सगळ्यांचा मिळून आठवड्याचा एक बंद दिवस ठरवला, तर मार्ग निघू शकतो. आणि आपण? नऊनंतर अर्धं शटर खाली असताना वाकून आत डोकावणारे आपणच. रविवारी सकाळी बँकेतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावणारेही आपणच. लोखंड्यांना मालकांशी भांडावं लागलं. दुकानातल्या पोराची गाठ मालकाशी आहे आणि आपल्याशीही.

तुमच्या गल्लीतल्या दुकानातला मुलगा शेवटचा सुट्टीवर कधी गेला होता? आज जाल तेव्हा विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. त्याचं नाव मात्र लिहू नका.