हिस्पॅनिक विद्यार्थी आणि कम्युनिटी कॉलेजांची आकडेवारी

अमेरिकेतील दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांनी प्रवेश, निकाल, गळती यांच्या स्वतःच्याच नोंदींवरून हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिशभाषक देशांशी जोडलेले असलेल्या) विद्यार्थ्यांच्या वाटेतील अडथळे शोधण्याची पद्धत. पदवीपूर्व विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक असलेल्या पात्र संस्थांना केंद्र सरकारकडे विशेष अनुदान मागता येत असे. हा निकष मात्र पटसंख्येचा होता; त्यातले किती जण शिक्षण पुरे करतात, हे वेगळे मोजावे लागते.

कॅलिफोर्नियातील लाँग बीच सिटी कॉलेजचे उदाहरण बोलके आहे. तेथे प्रवेशचाचणीत मागे पडलेल्यांना पदवीसाठी न मोजल्या जाणाऱ्या पूर्वतयारीच्या वर्गांत बसवले जाई आणि अनेक जण तेथेच गळत. जुन्या नोंदी ताडून पाहिल्यावर चाचणीपेक्षा शाळेतले गुण अधिक भरवशाचे ठरले. २०१२ पासून ‘प्रॉमिस पाथवेज’ उपक्रमात त्याच आधारे अनेकांना थेट महाविद्यालयीन इंग्रजी व गणिताचे वर्ग खुले झाले.

कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये ‘एबी ७०५’ कायद्याने शालेय कामगिरीचा विचार राज्यभर बंधनकारक केला. तो पूर्णपणे लागू झाल्यावर पहिल्याच वर्षी महाविद्यालयीन गणित पार करणाऱ्या हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढले. गटागटांतील तफावत मात्र मिटलेली नाही; म्हणूनच निकाल वंश, उत्पन्न आणि पूर्णवेळ-अर्धवेळ नोंदणीनुसार वेगवेगळे काढणे आवश्यक ठरते.