एका आकड्याचे तेल

तालुक्याच्या गावातील वंगणाच्या दुकानात आजही दोन प्रकारचे डबे शेजारी-शेजारी मांडलेले दिसतात. एकावर ‘२०डब्ल्यू-४०’ असे दोन आकडे, तर दुसऱ्यावर केवळ ‘एसएई ३०’ किंवा ‘एसएई ४०’. गिऱ्हाईक बहुधा असे समजते की, दोन आकड्यांचे तेल उंची, एका आकड्याचे हलके. आणि ४० हे ३० पेक्षा श्रेष्ठ. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळण्यासाठी त्याचा इतिहास पाहावा लागतो.

मोटारी नव्या होत्या तेव्हा तेल ‘पातळ’, ‘मध्यम’, ‘जाड’ अशा मोघम शब्दांनी विकले जाई. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने १९११ मध्ये इंजिनतेलांचे दाटपणानुसार पहिले वर्गीकरण केले. आजच्या मानकाप्रमाणे १०० अंश सेल्सिअसला ज्या तेलाची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असते ते ३०, आणि १२.५ ते १६.३ च्या दरम्यान असते ते ४०. आकडा एवढेच सांगतो. तेल शुद्ध आहे का, काजळी धुऊन काढणारी व गंज रोखणारी द्रव्ये त्यात आहेत का, याविषयी तो मौन बाळगतो.

अडचण अशी की, तेल तापले की पातळ होते आणि गार झाले की घट्ट. १०० अंशांना योग्य असलेले साधे एसएई ४० तेल ४० अंशांना साधारण दहापट दाट असते. आणि उत्तर भारतातील पौषातल्या पहाटे, पारा ५ अंशांवर असताना, ते शंभर पटींहून अधिक दाट होते. हा फरक मोजण्यासाठी डीन आणि डेव्हिस या संशोधकांनी १९२९ मध्ये ‘श्यानता निर्देशांक’ मांडला. पुढे १९५० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत बहुश्रेणी तेले बाजारात आली. मूळ तेल पातळ घ्यायचे आणि त्यात लांबलचक साखळीचे बहुवारिक मिसळायचे, ही त्यामागची युक्ती. थंडीत या साखळ्या आक्रसलेल्या असतात. उष्णतेत त्या पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे.

भारतात मात्र एका आकड्याच्या तेलाने पुढेही कित्येक दशके राज्य केले. यामागे केवळ मागासलेपण नव्हते. देशाच्या बहुतांश मैदानी भागात पारा शून्याखाली क्वचितच उतरतो, त्यामुळे हिवाळी गुणासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नव्हते. शिवाय इंजिनेही तशीच होती. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचे मिनिटाला ६५० फेऱ्यांनी संथ चालणारे डिझेल इंजिन भारतीय शेतीत रुजले. राजकोटच्या कारखान्यांनी त्याच धर्तीची इंजिने घडवली. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवर तासन्‌तास एकाच गतीने चालणाऱ्या अशा इंजिनाला साधे, दाट तेल मानवत असे. रेल्वेचेही तेच. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडू लागलेल्या डिझेल इंजिनांनी दीर्घकाळ एसएई ४० तेलावरच देशभर गाड्या ओढल्या.

याच काळात देशाने वंगणाचे स्वतःचे शास्त्र उभे केले. १९७२ मध्ये इंडियन ऑइलने ‘सर्वो’ हे नाव बाजारात आणले आणि त्याच वर्षी फरिदाबादचे संशोधन केंद्र सुरू केले. १९७५ मध्ये हल्दियाच्या शुद्धीकरण कारखान्यात वंगणाची मूळ तेले तयार होऊ लागली.

मग एकश्रेणी तेल मागे का पडले? इंजिने बदलली म्हणून. १९८३ च्या अखेरीस मारुती आली. तिच्यामागून वेगाने फिरणारी, अरुंद तेलमार्गांची इंजिने आली. इंजिन सुरू होताच तेल क्षणात वरपर्यंत पोहोचणे अगत्याचे ठरले, कारण बरीच झीज त्या पहिल्या क्षणांतच होते. २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर तर इंधन वाचवण्यासाठी आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा जपण्यासाठी ठरावीक प्रतीचे तेलच लागते. अशा गाडीत ‘दाट ते चांगले’ म्हणून एसएई ४० ओतणे म्हणजे तिचे आयुष्य कमी करणे होय.

तरीही जुने तेल निरुपयोगी झालेले नाही. त्यात बहुवारिक नसल्याने दातेरी चाकांत चिरडून पातळ होण्यासारखे काही नसते. हवेने थंड होणाऱ्या लहान इंजिनांना, म्हणजे गवत कापणीयंत्र, फवारणी पंप, छोटे जनित्र यांना, उन्हाळ्यात ते आजही योग्य ठरते. मात्र हे चार-स्ट्रोक इंजिनांपुरतेच, कारण दोन-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये मिसळायचे वेगळे तेल लागते. लहान इंजिने बनवणाऱ्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीच्या पुस्तिकांत सुमारे ४ अंशांवरील हवामानासाठी एसएई ३० सुचवलेले असते आणि २७ अंशांच्या वर १०डब्ल्यू-३० वापरल्यास तेलाचा खप वाढू शकतो, असा इशारा असतो. लडाखच्या हिवाळ्यात मात्र तेच एसएई ३० इंजिन फिरूही देणार नाही.

तात्पर्य, तेलाचा आकडा ही प्रतवारी नव्हे. तो यंत्र, हवामान आणि तेल यांच्यातील करार आहे. डबा घेताना त्यावरील दुसरी ओळही वाचावी. तिथे एपीआयची अक्षरे असतात आणि गुणवत्ता ती सांगतात. ‘एसए’ लिहिलेल्या तेलात संरक्षक द्रव्ये नसतात. १९३० नंतरच्या पेट्रोल इंजिनांसाठी ते अयोग्य मानले जाते, मग त्यावरील आकडा कितीही मोठा असो. शेजाऱ्याने काय ओतले हे विचारण्यापूर्वी यंत्रासोबत आलेली आणि बहुधा अडगळीत पडलेली पुस्तिका एकदा उघडावी. हा करार तिच्यात लिहून ठेवलेला असतो.