पाण्याची काच

आमच्या भागात ‘बार्शी लाईट’ म्हटलं की लोक आधी हसतात. चालत्या गाडीतून उतरायचं, ओढ्याला जाऊन यायचं आणि मागचा डबा गाठायचा, असे किस्से प्रत्येक गावात आहेत. मी त्या गाडीवर क्लीनर म्हणून लागलो, मग फायरमन झालो, पुढे ड्रायव्हर. किस्से खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. पण गाडी तशी का होती, हे सांगणारा सहसा भेटत नाही.

मुंबई-मद्रास मोठी लाईन बार्शीला बाजूला ठेवून कुर्डुवाडीवरून गेली. त्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. बार्शीचा माल बैलगाडीनं तिथवर न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं 1895 साली लंडनात कंपनी काढली आणि 1897 साली बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू केली. दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. त्याचं म्हणणं असं, की गाडीचं वजन प्रत्येक आसावर सारखं वाटा, एका आसावर पाच टनांच्या वर जाऊ देऊ नका. मग हलके रूळ पुरतात, पूल हलके चालतात आणि गरीब मुलखालाही रेल्वे परवडते. पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातून आली. 1906 ला लाईन पंढरपूरला पोचली, 1911 ला निजामाच्या हद्दीत लातूरला, आणि 1927 ला मिरजेला. सगळी मिळून 202 मैल. कॅलथ्रॉप त्याच 1927 साली वारला. मधल्या काळात या गृहस्थानं विमानातून उडी मारायची छत्रीही बनवली होती! आमच्या शेडमध्ये हे कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही निवृत्तीनंतर नातवाकडून कळलं.

1 जानेवारी 1954 ला गाडी सरकारची झाली, पण लोकांच्या तोंडी बार्शी लाईटच राहिली. आषाढीला तिचं रूप बघायचं. डबे भरले की टपावर माणसं, टपावरून पखवाज वाजतोय आणि आम्ही पुढे शिट्टी मारून मारून हैराण. घाम तर असा, की धोतर नेसलेल्या म्हाताऱ्यांना माझी काळी चड्डी बघून दया यायची.

मला सांगायचंय ते 1972 च्या दुष्काळाचं.

मी तेव्हा सेकंड फायरमन, वय तेवीस. माझे ड्रायव्हर निवृत्तीला आलेले, आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. बार्शीहून लातूरकडे जाताना येडशीच्या अलीकडे रामलिंगचा घाट लागतो. त्या घाटाच्या पायथ्याला जे लहान लहान थांबे होते, तिथं त्या वर्षी बाया घागरी घेऊन उभ्या असायच्या. उतारू म्हणून नाही, पाण्यासाठी. विहिरी खडखडीत. टँकर आला तर आला. गाडी मात्र यायची.

कोळसा भिजवायला इंजिनावर एक रबरी नळी असते. इंजेक्टर चालू केला की टेंडरमधलं पाणी वाफेच्या जोरावर बॉयलरकडे जातं, त्यातलंच थोडं या नळीला येतं. चांगलं चटका बसेल इतकं कढत. बाया पदर दुमडून घागरीच्या काठाला धरायच्या.

“दोन-चार घागरी दे, गड्या. जास्त नको. आपल्याला घाट चढायचाय,” उस्ताद म्हणायचे, आणि तेलाची झारी घेऊन खाली उतरायचे. सांध्यांना तेल घालताना ते मुद्दाम पलीकडच्या बाजूला जायचे, असं मला आता वाटतं.

त्या दिवशी बार्शीलाच टेंडर पुरतं भरलं नव्हतं. सोंडेला, म्हणजे पाणी भरायच्या खांबाला, धार बारीक होती आणि गाडीची वेळ झालेली. हे मला माहीत होतं. तरी मी तीन थांब्यांवर मिळून पन्नासेक घागरी भरून दिल्या. तिसऱ्या थांब्यावर एक पोरगी बादली घेऊन आली, माझ्या धाकट्या बहिणीएवढी. तिच्यामागे आणखी सात-आठ जणी. नळी बंद करायला हातच होईना.

घाटात इंजिन वर तोंड करून चढत असतं, तेव्हा बॉयलरमधलं पाणी मागे, फायरबॉक्सकडे येतं. पाण्याची काच आपल्यासमोर मागच्याच बाजूला असते, म्हणून ती भरलेली दिसते. चढावर काच खोटं बोलते. माथ्यावर आलं, नाक खाली झालं, की पाणी पुढे पळतं आणि काच एकदम उतरते. त्या दिवशी ती उतरली ती दिसेनाशीच झाली. मी इंजेक्टर उघडला. नुसता फुसफुसला. टेंडरमध्ये थेंब नव्हता.

फायरबॉक्सच्या छतावर पाणी राहिलं नाही तर छत तापून खाली येतं. त्याआधी इशारा म्हणून तिथं शिशाचा प्लग बसवलेला असतो, तो वितळतो. पण प्लगवर भरवसा ठेवून कुणी उभं राहत नाही. उस्तादांनी काचेकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा.

“आग पाड,” एवढंच बोलले.

आम्ही दोघा फायरमननी सगळे निखारे खाली ओढले. इंजिन मेलं. गार्ड फटाके आणि लाल झेंडी घेऊन मागे चालत गेला. मदतीचं इंजिन यायला रात्र झाली. उतारू झाडाखाली बसून होते. कुणी शिव्या दिल्या, कुणी भाकरी दिली.

चौकशी झाली. उस्तादांनी लिहून दिलं की पाण्याचा अंदाज माझा चुकला. घागरींचा उल्लेख नाही, माझा नाही. त्यांची वर्षाची वेतनवाढ थांबली. मी त्या खोलीबाहेर बाकावर बसून होतो. आत जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. माझी नोकरी कच्ची होती आणि घरी सात माणसं खाणारी. मी बोललो नाही. त्यांनीही पुढं कधी विषय काढला नाही, फक्त त्यानंतर नळीचा कॉक स्वतःच्या हातानं उघडायचे, आणि मोजून.

पुढे डिझेल आलं. लातूरच्या व्यापाऱ्यांचं म्हणणं रास्त होतं: छोट्या डब्यातलं प्रत्येक पोतं कुर्डुवाडीला हमालांच्या पाठीवरून मोठ्या डब्यात जायचं, त्यात पैसा आणि वेळ दोन्ही जायचे. मोठ्या लाईनीच्या मागणीच्या अर्जावर मीही सही केली होती. 2008 पर्यंत लातूर-कुर्डुवाडी रुंद झाली, धाराशिववरून वळसा घेऊन. चांगलं झालं. माझा नातू मुंबईला रातोरात जातो. पण पायथ्याच्या त्या थांब्यांवरून आता गाडी जात नाही.

निवृत्तीनंतर एकदा मी जुन्या रुळाच्या भरावावरून चालत गेलो. बाभळी माजल्यात, दगडी मोऱ्या शाबूत आहेत. एका शेतात रुळाचा तुकडा फाटकाचा खांब म्हणून उभा होता. तिथल्या म्हातारीला मी कोण ते सांगितलं.

“म्हंजी तुमीच का त्ये नळीवाले?” ती म्हणाली. “कोळशाचा वास यायचा बगा पान्याला. पन डाळ झटक्यात शिजायची. आदीच कडत आसायचं न्हवं.”

मी उस्तादांचं नाव तिला सांगितलं. तिनं ते कधी ऐकलं नव्हतं.